४.८ टर्बो: ७,१५० ला अडकलेली सुई आणि वाकणारे पुशरॉड

माझं ४.८ लिटरचं टर्बो इंजिन ७,१५० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) पुढे का जात नाही, ते अखेर कळलं. मागच्या अपडेटला संशय प्लगला ठिणगी देणाऱ्या कॉइलवर होता. कॉइल निर्दोष सुटल्या. भानगड व्हॉल्व्हट्रेनमध्ये आहे (कॅमचा लोब लिफ्टर उचलतो, लिफ्टर पुशरॉड नावाची दांडी, दांडी रॉकर आणि रॉकर व्हॉल्व्ह उघडतो; बंद स्प्रिंग करते), तीही जवळपास सगळी एक्झॉस्टच्या बाजूला.

सेटअप तोच आहे: जीएमच्या एलएस घराण्यातलं आयर्न ब्लॉकचं ४.८, ८६२ क्रमांकाचं हेड, हायड्रॉलिक (आतल्या तेलाने ढिलाई आपोआप भरणारे) रोलर लिफ्टर, २२६/२३० चा कॅम (इनटेक आणि एक्झॉस्ट किती अंश उघडे राहतात), एलएसए (दोन्ही लोबच्या मध्यांमधला कोन) ११४. लोबची उचल ०.३३५ इंच, म्हणजे १.७ पट करणाऱ्या रॉकरने व्हॉल्व्हची लिफ्ट ०.५७०. बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) १ बार. ५.३ लिटरचं का घेतलं नाही, हा प्रश्न अजून येतो म्हणून एकदाच सांगून टाकतो. ८,००० आरपीएमला ४.८ च्या ८३ मिमी स्ट्रोकमध्ये पिस्टनचा सरासरी वेग २२.१ मीटर प्रति सेकंद, ५.३ च्या ९२ मिमीमध्ये २४.५. फिरवायचंच असेल तर छोटा स्ट्रोक घ्या, विषय संपला.

लक्षणं अशी होती. ७,१५० ला इंजिन तुटक वाजायला लागतं, टॉर्क कोसळतो आणि वाइडबँड (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर) लॅम्डा ०.७८ वरून एकदम ०.९० च्या पुढे जातो. इथे इंधन वाढवायला हात शिवशिवतात, पण वाढवू नका. मिसफायर झाला की न जळलेला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोचतो आणि सेन्सर लीन (इंधन कमी) दाखवतो. ते लीन खोटं असतं.

प्लगची गॅप ०.६ वरून ०.५ मिमी केली, ड्वेल (कॉइल चार्ज होण्याचा वेळ) वाढवला, काही फरक नाही. मग वेस्टगेट (बूस्ट मर्यादेत ठेवणारी झडप) नुसत्या स्प्रिंगवर ठेवून बूस्ट ०.५ बारवर आणला. ठिणगी विझत असती तर अर्ध्या बूस्टला तक्रारच उरली नसती. इथे अडखळण्याची जागा फक्त ७,१५० वरून ७,३०० च्या आसपास सरकली. जी गोष्ट बूस्टपेक्षा आरपीएमला जास्त चिकटलेली असते ती मेकॅनिकल असते. ट्रिगरचे (क्रँकची जागा सांगणाऱ्या सिग्नलचे) एरर लॉगमध्ये शून्य होते, म्हणून तो सिग्नल देणारं दातेरी चाक, म्हणजे रिलक्टरही यादीतून बाद.

खरी खूण ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर दिसते. आरपीएम ६,००० च्या खाली आले तरी इंजिन सेकंद-दीड सेकंद लंगडत राहतं, मग आपोआप सरळ होतं. ठिणगीचा प्रश्न असा रेंगाळत नाही. व्हॉल्व्हट्रेन क्षणभर सैल पडली की हायड्रॉलिक लिफ्टर ती ढिलाई भरून काढतो, आणि मग व्हॉल्व्हला सीटवर पूर्ण बसू देत नाही. आतलं तेल निथळेपर्यंत त्या सिलिंडरला कॉम्प्रेशन नाही. याला ‘पंप-अप’ म्हणतात आणि खापर लिफ्टरवर फुटतं, पण लिफ्टर फक्त मिळालेली फट भरतो. फट कोण पाडतंय, ते शोधायचं.

इनटेक की एक्झॉस्ट? मॅपची (इनटेकमधल्या दाबाच्या सेन्सरची) लॉगमधली रेघ स्वच्छ होती. इनटेक व्हॉल्व्ह सीटवरून उसळत असता तर सिलिंडरमधली हवा प्लेनममध्ये (इनटेकच्या हवेच्या पेटीत) मागे फेकली गेली असती आणि ती रेघ करवतीसारखी दिसली असती. म्हणून टर्बोच्या फ्लँजपाशी एक्झॉस्ट मॅनिफोल्डला स्टीलची बारीक नळी जोडली, टोकाला ७ बारचा सेन्सर लावला. नळी अर्धा मीटर तरी ठेवा, नाहीतर सेन्सर भाजतो. आकडा आला २.१ बार. बूस्ट १, बॅकप्रेशर (टर्बोच्या आधी एक्झॉस्टमध्ये साचलेला दाब) २.१.

आता हिशेब. बहुतेक जण इनटेक व्हॉल्व्हच्या क्षेत्रफळाला बूस्टने गुणतात आणि तेवढे पाउंड सीट प्रेशरमधून (बंद व्हॉल्व्हवरच्या स्प्रिंगच्या दाबातून) वजा करतात. पण इनटेक बंद होतो तेव्हा सिलिंडरमध्येही साधारण बूस्टएवढाच दाब असतो, त्यामुळे ती भीती जरा फुगवलेली आहे. एक्झॉस्टचं तसं नाही. तो बंद होताना सिलिंडर १ बारकडे उतरत असतो आणि पोर्टमध्ये मात्र २.१ बसलेले असतात. १.५५ इंचाच्या व्हॉल्व्हचं क्षेत्रफळ १२.२ चौ. सेंमी, फरक १.१ बार, म्हणजे सुमारे १३४ न्यूटन, ३० पाउंड. सीटवर १३० पाउंडची सिंगल बीहाइव्ह (वर निमुळती) स्प्रिंग असेल तर तिच्यातला जवळपास पाव हिस्सा इथेच गेला.

उघडताना तर आणखी वाईट. एक्झॉस्ट उघडतो तेव्हा सिलिंडरमध्ये ७ बार धरा. पोर्टमधले २.१ उघडायला मदत करतात, उरले ४.९. त्याचे ६०० न्यूटन, स्प्रिंगचे ५८०, आणि रॉकरमुळे या सगळ्याला १.७ ने गुणायचं. पुशरॉडवर सुमारे २०० किलो येतात, इनर्शिया वेगळी. इनटेकला याच पद्धतीने १३५ किलोच्या आसपास. पुशरॉड त्या क्षणी कमानीसारखा वाकतो, ताकद साठवतो आणि लोबच्या टोकाजवळ सरळ होताना व्हॉल्व्हला वर उडवतो. लोबशी संपर्क सुटला, फट पडली, लिफ्टरने ती भरली.

हेड उतरवल्यावर हे सगळं डोळ्यांनी दिसलं. एक्झॉस्टचे पुशरॉड काचेवर लोळवले तर मधून उजेड दिसतो. व्ही-ब्लॉकवर डायल गेजला ६ ते ९ थाऊ (इंचाचे हजारांश) रनआउट, म्हणजे वाकडेपणा. इनटेकचा एकही २ च्या वर नाही. हेडमधल्या पुशरॉडच्या भोकांना एका बाजूला नखाएवढा चकचकीत डाग, पुशरॉड तिथे घासत होता. एक्झॉस्ट सीटला ब्लू (खुणेचा निळा रंग) लावून पाहिलं तर एका स्वच्छ पट्ट्याऐवजी दोन पुसट पट्टे, म्हणजे व्हॉल्व्ह सीटवर बसून पुन्हा उसळत होता. एक्झॉस्टच्या स्प्रिंग टेस्टरवर १३० वरून ११२ पर्यंत बसलेल्या.

खालची बाजू मात्र खणखणीत. बेअरिंगवर ओरखडा नाही. पिस्टनच्या वरच्या रिंगच्या टोकांत २५ थाऊ आणि दुसरीच्या २७ गॅप ठेवली होती. रिंगांची टोकं एकमेकांना भिडल्याची कुठेही चमक नाही. रॉड बोल्ट बदलल्याचं समाधान वेगळंच. त्यांच्यावरचा इनर्शियाचा ताण आरपीएमच्या वर्गाने वाढतो, ६,६०० वरून ८,००० म्हणजे ४७ टक्के जास्त. बूस्ट शून्य असला तरी.

सॉलिड रोलर (ढिलाई न भरणारे लिफ्टर) घालायचं जवळपास ठरलं होतं. ते तूर्तास रद्द. वाकणाऱ्या पुशरॉडवर सॉलिड लिफ्टर ठेवला तरी व्हॉल्व्ह उडणारच, शिवाय ॲडजस्टेबल रॉकर आणि लॅशचं (हाताने ठेवायच्या फटीचं) लचांड मागे लागतं. आधी पुशरॉड.

५/१६ इंच, ८० थाऊ भिंतीच्या जागी ३/८, भिंत तीच. वाकण्याविरुद्धची ताकद जवळपास दुप्पट होते (१.९६ पट), वजन वाढतं २७ टक्के. या वजनाला घाबरू नये. लिफ्टरच्या बाजूचा एक ग्रॅम व्हॉल्व्हच्या बाजूला १.७ च्या वर्गाने भागून, म्हणजे साधारण एक तृतीयांश जाणवतो. उलट रिटेनरमध्ये (स्प्रिंगला व्हॉल्व्हशी धरणाऱ्या टोपीत) वाचवलेला ग्रॅम पुरा वसूल होतो. म्हणून रिटेनर टायटॅनियमचे: ड्युअल स्प्रिंगचा स्टीलचा २८ ग्रॅम भरला, टायटॅनियमचा १६. रॉकर कंपनीचेच राहणार, फक्त ट्रनियनला (रॉकर ज्यावर डुलतो त्या आसाला) ब्राँझ बुश. बाजारातले जाडजूड ॲल्युमिनियम रोलर रॉकर दिसायला झकास, पण टोकाला जड, आणि वजन नको असतं ते नेमकं तिथेच.

३/८ फक्त एक्झॉस्टला. इनटेकला ११/३२ पुरतो, आणि भोक मोठं करण्याचा मोह टळतो. पलीकडे इनटेक पोर्टची भिंत पातळ असते. पुशरॉडला ब्लू लावून क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा, कुठे पुसलं जातं ते दिसतं. एक्झॉस्टच्या भोकांत डागाच्या जागी थोडं घासावं लागलं.

लांबी नव्याने मोजली. हेड थोडं फेस केलेलं (तळ घासून सपाट केलेलं) आहे आणि कॅमचा बेस सर्कल (लोबचा न उचलणारा गोल भाग) लहान, त्यामुळे ७.४०० इंच गृहीत धरून चालत नाही. चेकरवर (लांबी बदलता येणारा मोजणीचा पुशरॉड) झिरो लॅश, म्हणजे फट नुकतीच संपते ती जागा, ७.३४५ ला आला. ८० थाऊ प्रीलोड (लिफ्टरचा प्लंजर जेवढा आधीच दाबून ठेवायचा ते अंतर) धरून ७.४२५ मागवले. चेकर नसेल तर रॉकर बोल्टचे फेरे मोजा. एम८ ला १.२५ चा पिच, फल्क्रम (रॉकरचा टेकू) खाली येताना पुशरॉडचं टोक त्याच्या १.५९ पट उतरतं, म्हणून एक फेरा म्हणजे साधारण ७८ थाऊ. शेवटी बोल्टला टॉर्क ३० एनएम. मागवताना लांबी तेलाच्या भोकाच्या कडेपासून मोजलेली की बॉल पूर्ण धरून, हे विक्रेत्याला विचाराच. दोन्हींत फरक पडतो आणि तेवढ्यात प्रीलोड बिघडतो.

स्प्रिंग ड्युअल घेतल्या, १.८०० इंच उंचीला १५० पाउंडच्या. डब्यावरच्या आकड्यावर जाऊ नका: या सेटमध्ये १३८ ते १५२ निघाले, म्हणून टेस्टरवर जोड्या लावून कमी भरलेल्या इनटेकला दिल्या. रेट ४१५ पाउंड प्रति इंच. कॉइल बाइंड (वेटोळी एकमेकांना टेकतात ती उंची) १.१०० ला, आणि पूर्ण लिफ्टला स्प्रिंग १.२३० वर, म्हणजे १३० थाऊ मोकळे. इतकी मोकळीक नको, स्प्रिंग स्वतःच थरथरते. ६० थाऊची शिम (पातळ चकती) घातली, उरले ७०, सीट १७५ वर गेली. पूर्ण लिफ्टला ४११ पाउंड, पुशरॉडवर ७००. यापुढे हायड्रॉलिक लिफ्टरला आणखी स्प्रिंग द्यायची नाही. प्लंजर दबून तेल निसटतं आणि लिफ्टच मिळत नाही. शिमनंतर रिटेनर आणि सीलमधलं अंतर पुन्हा तपासा, लिफ्टच्या वर ५० थाऊ तरी हवं. फ्लॅट-टॉप पिस्टनला खाचा नाहीत, त्यामुळे व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर क्ले लावून मोजलं: इनटेक ८८ थाऊ, एक्झॉस्ट ११२. इनटेकला ८० आणि एक्झॉस्टला १०० च्या खाली जायचं नाही.

हे लिहिता लिहिता बॅकप्रेशरचा आकडा पुन्हा खुणावतोय. २.१ हेच मूळ दुखणं असेल तर स्प्रिंगने त्याच्याशी कुस्ती खेळण्याआधी तो कमी करणं जास्त शहाणपणाचं. म्हणून क्रम बदलतोय: टर्बाइन हाउसिंग ०.९० ए/आर (आतल्या वाटेच्या आकाराचा आकडा, मोठा तेवढी वाट मोकळी) वरून १.१०. स्पूल (टर्बो बूस्ट द्यायला लागणं) दोन-तीनशे आरपीएम उशिरा येईल, हे इंजिन तसंही ५,००० च्या वरच राहणार आहे. कॅम २२६/२२२ करायचा विचारही आहे. एक्झॉस्ट उशिरा उघडला तर सिलिंडरमधला दाब तोवर आणखी उतरलेला असेल. पण हाउसिंग आणि कॅम एकदम बदलले तर श्रेय कोणाला, ते कळणार नाही, त्यामुळे कॅम नंतर.

पहिला पुल (पूर्ण थ्रॉटलची चाचणी) ०.५ बारवर, लिमिटर ७,५००. पाय काढल्यावरचं लंगडणं गेलं असेल तरच १ बार आणि ७,८००. ७,१५० पासून तिथपर्यंत इनर्शिया १९ टक्के वाढते आणि कागदावर तेवढी जागा आहे. डिपस्टिकवर फेस दिसला तर मात्र आधी तेल ओढणाऱ्या पिकअप ट्यूबची ओ-रिंग बदला, फेसाळलेल्या तेलावर कुठलाच लिफ्टर टिकत नाही.