दिसलं का?

येझदी मोटरसायकल चालू होईना. मे महिना, दुपारचे अडीच, पारा 43 च्या वर. अशा वेळी सोलापुरात शहाण्या माणसानं शेंगाचटणी-भाकरी खाऊन पंख्याखाली आडवं व्हायचं असतं आणि मी अंगणात किकवर किक मारलालोय. दोन महिन्यांपूर्वी हौसेनं खोलली होती. रिंगा बदलल्या, पॉइंट नवे टाकले, कार्बोरेटर धुतला, परवा सगळं पुन्हा जोडलं आणि आता ती खोकतसुद्धा नाही.

येझदीची किक म्हणजे वेगळंच प्रकरण. गिअरचाच दांडा आत दाबून वर फिरवला की त्याची किक होते. नवीन माणूस किक शोधत गाडीभोवती दोन चकरा मारतो हे बघायला मला अजून मजा येते. म्हैसूरचा तो कारखाना 1996 ला बंद पडला, त्यानंतर आमची ही येझदी, रोडकिंग मॉडेल, आहे तशीच जपलीय. 250 सीसी, सिलेंडर एकच पण सायलेन्सर दोन.

बंद गाडीशेजारी घामेजलेला माणूस दिसला की जाणारा-येणारा थांबतोच. "काय बे, होईना का?" आणि लगेच, "पेट्रोल हाय का?" हा प्रश्न मला त्या दुपारी चार जणांनी विचारला, त्यातला एक तर सायकलवर होता. पेट्रोल आहे ओ. कॉकपण चालू आहे. प्लग ओला येतोय म्हणजे पेट्रोल वरपर्यंत पोचतंय.

शेवटी विजापूर वेशीतल्या मिस्त्रीला फोन लावला. तो म्हणला आधी करंट बघा, आणि मग म्हणला, "जोडल्यावर काय उरलंय का?" मी म्हणलं काही नाही. खरं म्हणजे बघितलंच नव्हतं.

करंट बघायचं म्हणजे आमच्या घरात चादर लागते. प्लग काढून कॅपमध्ये घालायचा, इंजिनाला टेकवून धरायचा आणि दुसऱ्यानं किक मारायची, निळी ठिणगी दिसली की करंट आहे. पण सोलापूरच्या उन्हात निळी ठिणगी कुणाला दिसणार? म्हणून लहानपणी अण्णा माझ्या डोक्यावरनं आणि इंजिनावरनं एक जुनी सोलापुरी चादर टाकायचे. आत मी, गरम इंजिन, पेट्रोलमध्ये घालायच्या टूटी ऑइलचा वास आणि डोळ्यापुढं चादरीच्या उलट्या बाजूचे मोर. बाहेरनं आवाज यायचा, "दिसलं का?"

आता कबूल करायला हरकत नाही. मी कायम "दिसलं" म्हणायचो. एकदा कॅपमधनं असा झटका बसला होता की त्यानंतर किकचा आवाज आला की मी डोळेच मिटून घ्यायचो. पण नाही म्हणलं तर पुन्हा धरायला लागणार, म्हणून दिसलं. मग अण्णा बिचारे करंट आहे असं धरून कार्बोरेटर खोलायचे, जेट फुंकायचे, रविवार तिथंच संपायचा. याच गाडीच्या टाकीवर बसून मी संक्रांतीला सिद्धेश्वराच्या जत्रेत, गड्ड्यावर गेलोय, साती नंदीध्वज बघितलेत, आणि तिच्याबाबतीत इतकं खोटं बोललोय.

तर आता किक मारायला मी आणि चादरीत कोण? अण्णाच. वय 78, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं दिवाळीनंतर बघू म्हणतात. तरी हटून बसले, स्टूल आणवला, प्लग पक्कडीत धरला. मी किक मारली.

"अण्णा, दिसलं का?"

"दिसलं की!"

मी तासभर कार्बोरेटर खोलत बसलो.

चार वाजता आई चहा घेऊन आली आणि वाटी पुढं केली. "हे तुझंच का रे? जुन्या पॉइंटला चिकटलं होतं, मी टाकणार होते." वाटीत तपकिरी रंगाचं, मसुराच्या डाळीएवढं फायबरचं वॉशर. जुन्या पॉइंटच्या स्क्रूखालचं. ते नसलं की स्क्रू थेट प्लेटला टेकतो, करंट सारखा बॉडीला उतरत राहतो, मधे तुटतच नाही. आणि पॉइंटचं सगळं काम करंट तोडायचंच, तो तुटला नाही तर ठिणगी कुठली पडणार? म्हणजे दुपारभर ठिणगी नव्हतीच. एकही नाही.

मी अण्णांकडं बघितलं. ते बशीत चहा ओतून घेत होते.

वॉशर बसवलं, पॉइंटचा गॅप 0.4 मिलिमीटरला लावला, प्लग पुसून घातला. तिसऱ्या किकला दोन्ही सायलेन्सरमधनं निळा धूर, शेजारच्या वाळत घातलेल्या टॉवेलांवर सगळा, आणि तो आवाज, गल्ली जागी झाली.

अण्णा चादरीची घडी घालत म्हणाले, "मी म्हणलं होतं की, करंट आहे म्हणून."