बाझलच्या अलीकडे नेट गेलं तेव्हा

मे महिन्यात आईला घेऊन पॅरिस आणि स्वित्झर्लंडला गेले होते. तिथल्या नेटसाठी ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच उतरवून घ्यायचं सिम, एकच घेतलं, कारण आईच्या फोनमध्ये ती सोय नव्हती. *#०६# दाबल्यावर ईआयडी नावाचा ३२ आकडी क्रमांक दिसला की समजायचं, आपल्या फोनमध्ये ई-सिमची सोय आहे.

निघायच्या आदल्या रात्री पुण्यात घरच्या वायफायवरच ते फोनमध्ये घालून ठेवलं. क्यूआर कोड ईमेलवर आला होता, पण ज्या फोनवर दिसतोय त्याच फोनने तो स्कॅन कसा करणार? लॅपटॉपवर उघडला आणि दोन मिनिटांत काम झालं. प्लॅनची मुदत परदेशातलं नेटवर्क मिळाल्यावरच सुरू होणार होती.

पॅरिसला उतरल्यावर रेंज पूर्ण, पण नेट नाही. प्रवासाची अशी सिम बहुतेकदा तिसऱ्याच देशातल्या कंपनीची असतात, त्यामुळे फोनच्या लेखी आपण फ्रान्समध्येही रोमिंगवरच असतो. ई-सिमचं डेटा रोमिंग चालू करायचं आणि भारतातल्या सिमचं मात्र बंदच ठेवायचं, हे तेव्हा नीट कळलं.

खरी धांदल पुढे झाली. झुरिकच्या गाडीत फ्रान्समधलं म्युलूझ मागे पडलं आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवरचं बाझल यायच्या आत नेट गेलं. इंटरलाकेनची तिकिटं ईमेलमध्ये, हॉटेलचा पत्ताही तिथेच, आणि शेजारी आई विचारतेय, "आता गं?" मी 'युरोप' एवढंच वाचून प्लॅन घेतला होता, देशांची यादी उघडलीच नव्हती. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही. युनियनमध्ये जून २०१७ पासून तिथल्या ग्राहकांना रोमिंगचे जादा पैसे पडत नाहीत, त्या नियमातही ते बसत नाही. यादीत ते नव्हतंच.

बाझलला उतरून स्टेशनच्या वायफायवर स्वित्झर्लंडचा वेगळा प्लॅन घेतला. कार्डाने पैसे भरताना बँकेने ओटीपी मागितला. भारतातलं सिम चालू होतं आणि त्यावर डेटा बंद असला तरी एसएमएससाठी रोमिंग पुण्यातच सुरू करून घेतलं होतं, म्हणूनच तो एसएमएस आला. सिम काढून घरी ठेवलं असतं तर आम्ही तिथेच अडकलो असतो. व्हॉट्सअ‍ॅपही जुन्याच नंबरवर चालू राहिलं. इंटरलाकेनला पोचल्यावर माझ्या हॉटस्पॉटवरून आईने मावशीला व्हिडिओ कॉलवर डोंगर दाखवले.

पहिलं ई-सिम मी डिलीट केलं नाही, नुसतं बंद करून ठेवलं. एकदा काढलं की तोच क्यूआर सहसा पुन्हा चालत नाही. परतीचं विमान पॅरिसहूनच होतं. तिथे ते पुन्हा चालू केलं आणि उरलेल्या डेटावर विमानतळासाठी टॅक्सी बोलावली.