तुम्ही विचारलंत म्हणून: चढ जिन्यात मिळतो, उताराचं काय?

दिवाळी आटोपली की हा प्रश्न ठरलेला असतो. ‘नागपुरात डोंगर कुठे आहेत? एका दिवसात दोन-तीन शिखरं चढायची-उतरायची तर तयारी करायची कुठे? आणि आपल्याला जमेल का?’ विचारणाऱ्याच्या मनात बहुधा तोरणा ते राजगड असतो, नाहीतर कात्रज ते सिंहगड. उत्तर सरळ आहे, जमेल. फक्त सगळे चढाचीच चौकशी करतात. चढ दहा मजली इमारतीतही मिळतो. नागपुरात मिळत नाही तो लांबलचक उतार, आणि दिवस बिघडतो तो तिथेच.

आधी हिशेब. तोरणा १४०३ मीटर, राजगड १३७६. दोघांत फरक सत्तावीस मीटरचा, म्हणून एकावरून दुसऱ्यावर जाणं म्हणजे सपाट फिरणं, असं घरी बसून वाटतं. शिखरांची उंची पाहून काही कळत नाही, मधल्या खिंडी बघा. समजा पायथा ७०० मीटरवर आहे आणि तीन शिखरं आहेत, १४००, १३५० आणि १४००. पहिली खिंड ११०० वर, दुसरी १०५० वर. मग चढ किती? पहिला ७००, दुसरा २५०, तिसरा ३५०. एकूण १३००. सगळ्यात उंच माथा पायथ्यापासून ७०० मीटरच वर, पण पायांनी जवळपास दुप्पट चढलेलं असतं. आणि परत पायथ्याला यायचं म्हणजे उतारही १३००. नकाशावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, मोजा, नाहीतर मोबाइलच्या नकाशात वाट आखून उंचीचा आलेख काढा. दहा मिनिटांचं काम आहे, पण दहातले नऊ जण ते करत नाहीत.

वेळ काढायला विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ चा नियम अजून चालतो. दर ५ किलोमीटरला एक तास, वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. आपल्या उदाहरणात अंतर १६ किलोमीटर धरू. चालण्याचे ३ तास १२ मिनिटं, चढाचे २ तास १०, म्हणजे ५ तास २२ मिनिटं. हा आकडा तयार गड्याचा, तोही न थांबता. चार-पाच जणांच्या सरावलेल्या गटासाठी दीडपट करा, आठ तास. दहा-बारा जण आणि त्यांतले निम्मे नवखे असतील तर दुप्पट करा, पावणेअकरा तास. गट वाढला की वेळ कसा जातो ते एखाद्या कातळटप्प्यावर दिसतं. एका वेळी एकच माणूस, प्रत्येकाला दोन मिनिटं, म्हणजे बारा जणांना चोवीस. असे दोन टप्पे आले की पाऊण तास नुसता उभं राहण्यात गेला.

आता उजेड. डिसेंबरअखेर पुण्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. नागपूर त्याच्यापेक्षा पाच अंशांहून थोडं जास्त पूर्वेला आहे, आणि एका अंशाला चार मिनिटं पडतात. नागपूर थोडं उत्तरेलाही आहे, म्हणून हिवाळ्यात हा फरक जरा कमी होतो, तरी तिथली पहाट आपल्यापेक्षा साधारण पंधरा मिनिटं उशिरा होते. घरच्या सवयीने सव्वासहाला झुंजुमुंजू होईल असं धरून निघालेला नागपूरकर पहिला अर्धा तास अंधारात वाट चुकतो. हेडटॉर्च हवाच. माणशी एक. ‘दोघांत एक’ म्हणजे एकाच्या पायाखाली उजेड आणि दुसऱ्याच्या पायाखाली पहिल्याची सावली. सहाला निघालात तर आठ तासांचा गट दोनला खाली येतो, चार तास हातात राहतात. पावणेअकरा तासांचा गट पावणेपाचला. त्यात कुणाचा पाय मुरगळला की संपलं.

तयारी जिन्यातच करा. पायरी साधारण १६ सेंटिमीटरची, म्हणजे ६०० मीटरला ३७५० पायऱ्या. दहा मजल्यांची उंची तीस मीटर धरली तर वीस फेऱ्या. आठवड्यातून दोन दिवस करा, पाच फेऱ्यांनी सुरुवात आणि दर आठवड्याला दोन वाढवा. आठव्या आठवड्यात एकोणीस होतात, तेवढं पुरे. पण राजेहो, लिफ्टने खाली येऊ नका. सगळे तेच करतात, दम लागल्याशिवाय व्यायाम झाल्यासारखं वाटत नाही म्हणून. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत काम करतो, उतरताना तो ताणला जात असताना ब्रेक लावत असतो. स्नायूतल्या बारीक तंतूंना इजा होते ती या ब्रेकमुळे. दुखणं लगेच येत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं. शरीर मात्र पटकन शिकतं. आठ-दहा दिवस आधी एकदा भरपूर उतरलं असेल तर पुढच्या वेळी तोच उतार कितीतरी कमी दुखतो. चौथ्या आठवड्यापासून पाठीवर पाण्याच्या तीन बाटल्या घ्या. गुडघे कुरकुरले तर पाणी गच्चीवरच्या कुंड्यांना घाला आणि रिकाम्या बाटल्यांनी उतरा.

जिना एक गोष्ट शिकवत नाही. पायरी हलत नाही, डोंगर हलतो. सह्याद्रीत नोव्हेंबरनंतर वाटेवर घसारा असतो. खाली टणक कातळ किंवा मुरूम, वर सुटे खडे, म्हणजे फरशीवर सांडलेले हरभरेच. नवखा भीतीने मागे झुकतो, वजन टाचेवर जातं, टाच सुटते आणि माणूस बसकण मारतो. वजन पावलाच्या वरच हवं. गुडघा किंचित वाकलेला, पाऊल लहान, पूर्ण तळवा एकदम टेकवायचा. खड्यांच्या मधे रुतलेला मोठा दगड दिसला तर पाय त्यावर, तोही आधी चाचपून. सुकलेलं गवत धरू नका, मुळासकट हातात येतं. आणि त्याच्यावर पाय ठेवला तर ते तेल लावल्यासारखं सरकतं. कारवी या झुडपाचं बुंध्याजवळचं खोड मात्र बऱ्यापैकी धरतं. याचा सराव सेमिनरी हिल्सच्या कच्च्या पायवाटांवर थोडा होतो. रामटेक पन्नासेक किलोमीटरवर आहे. अंबाळा तलावाकडून पायऱ्यांनी वर, खाली, पुन्हा वर, असं रविवारी चार-पाच वेळा केलंत तर जिन्यापेक्षा चांगलं. अंबाझरीचा फेरफटका तब्येतीला उत्तम, या कामाला निरुपयोगी.

बुटांबद्दल एवढंच, नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. बांधण्याबद्दल मात्र सविस्तर सांगतो. उतारावर पाऊल बुटात पुढे सरकतं आणि अंगठा टोकावर आपटत राहतो. हजारो वेळा. संध्याकाळी नख निळं, महिनाभरात गळून पडतं. उपाय नाडीत आहे. घोट्याजवळच्या शेवटच्या भोकातून नाडी बाहेर आली की ती समोर न नेता त्याच बाजूला, शेजारच्या भोकात आत घाला, म्हणजे बाहेर एक छोटा फास राहतो. दुसऱ्या बाजूलाही तसंच. मग उजवी नाडी डाव्या फासातून आणि डावी उजव्या फासातून ओवून खाली ओढा आणि गाठ मारा. टाच मागे पक्की बसते. चढताना हे थोडं सैल ठेवा, माथ्यावर बसलात की आवळा. नखं दोन दिवस आधी सरळ कापा. आदल्या रात्री खोलवर कापलीत तर तीच दुखतात.

तोरणा-राजगडाची दिशा कोणती, यावर वाद आहेत. पुष्कळ जण गुंजवण्यातून राजगड चढतात, संजीवनी माचीच्या अळू दरवाजातून धारेवर, म्हणजे दोन गडांना जोडणाऱ्या डोंगराच्या अरुंद माथ्यावर, उतरतात आणि बुधला माचीवरून तोरण्यावर जाऊन वेल्ह्यात उतरतात. माझं मत उलटं. वेल्ह्याहून तोरण्याचा उघडा चढ सकाळच्या गारव्यात उरकावा आणि बुधला माचीखालचा अवघड टप्पा पाय ताजे असताना पार करावा. दिवसाच्या शेवटी राजगडाची पद्मावती माची येते, तिथे माणसांचा वावर असतो. चोर दरवाजाची उतरण खडी आहे, पण मळलेली. मधे धार जिथे खाली येते तिथे वेल्ह्याकडून भुतोंड्याला जाणारा रस्ता लागतो. सोडून द्यायचं तर तिथेच. वेळ आधी ठरवा, बारा किंवा साडेबारा, आणि घड्याळ पाहून निर्णय घ्या, चेहरे पाहून नको. त्या रस्त्यापुढे मधेच सुटायला सोपी जागा नाही.

धारेवर वाट चुकते ती ढोरवाटांमुळे. गुरं माथ्यावर जात नाहीत, उतारावरून आडवी जातात. त्यांची वाट रुंद आणि मळलेली दिसते, माणसाची बारीक. दहा मिनिटं चालून वाट कारवीत शिरली आणि धार डोक्यावर उंच राहिली, तर मागे फिरा. सरळ वर चढून धार गाठायच्या नादात माणसं घसाऱ्यात अडकतात.

पाणी माणशी साडेतीन लिटर, म्हणजे पाठीवर साडेतीन किलो. गडावरच्या टाक्यांच्या भरवशावर राहू नका. त्यातल्या एका लिटरमध्ये सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घरूनच घालून न्या. आम्ही पंचेचाळीस अंशांत राहतो, आम्हाला काय ऊन, हा नागपुरी बाणा डिसेंबरच्या मोकळ्या धारेवरही महागात पडतो. वाऱ्यामुळे घाम वाळतो, तहान कळत नाही, आणि तीनच्या सुमारास पोटऱ्यांत गोळे येतात. खायला तिखट-मिठाच्या पुऱ्या, गूळ-शेंगदाणे, संत्री. सालं पिशवीत घालून परत आणायची, कुजायला खूप दिवस लागतात. आदल्या रात्री सावजी नको. तर्री परत आल्यावर.

दोनच शिखरांसाठी पुण्यापर्यंत जाऊन शनिवार-रविवारात सगळं बसवायचं असेल तर शुक्रवारच्या रात्रीची गाडी, शनिवारी मुक्काम वेल्ह्यात, रविवारी चाल. परतीचं तिकीट रविवार रात्रीचं काढू नका. काढलंत की दुपारपासून घड्याळ आणि उतार यांची शर्यत लागते आणि पाय घाईत टाकला जातो. सोमवारची रजा टाका.

जवळचं काही सांगा म्हणता, तर पचमढी. सातपुड्याचा सगळ्यात उंच माथा धूपगड, साडेतेराशे मीटर, पण वर गाडी जाते. चौरागड पायऱ्यांचा, उतरण्याच्या सरावाला फार छान. एरवी तो भाग व्याघ्र प्रकल्पाचा आहे, मनाला येईल त्या धारेवर चढता येत नाही. नागद्वारीची वाट नागपंचमीच्या आसपास काही दिवसच उघडते, आणि सात डोंगर ओलांडावे लागतात असं सांगतात. विदर्भातली माणसं, पुष्कळशी साध्या चपलांवर, भर पावसात, ओल्या वालुकाश्मावरून एका दमात ती करून येतात. तेव्हा नागपूरकराला डोंगर जमत नाहीत असं कुणी म्हणालं तर श्रावणात तिकडे पाठवा.

आल्यावर सोमवारी बरं वाटेल. मंगळवारी ऑफिसचा जिना उतरताना खरी गंमत. कठडा धरा, पाय आडवे टाका, आणि त्या दिवशी खुशाल लिफ्ट घ्या.