गोवर: लस घेतलेले आणि सुरक्षित झालेले

आजूबाजूला कुणालाच प्रतिकारशक्ती नसेल, तर गोवराचा एक रुग्ण १२ ते १८ जणांना आजार देतो. १५ धरू. साथ विझायची तर एका रुग्णाकडून सरासरी एकापेक्षा कमी जणांना लागण व्हायला हवी. म्हणजे दर १५ पैकी १४ हून जास्त, अर्थात ९३ टक्क्यांहून जास्त लोक सुरक्षित हवेत.

इथेच गफलत होते. नवव्या महिन्यातला पहिला डोस सुमारे ८५ टक्के बाळांनाच संरक्षण देतो. ९५ टक्के बाळांना तो दिला, तरी सुरक्षित ८१ टक्केच. उरलेल्या १९ टक्क्यांमुळे एक रुग्ण जवळपास तिघांना गाठतो. म्हणून १६ ते २४ महिन्यांमधला दुसरा डोस चुकवूच नका.

शहराच्या सरासरीवरही विसंबू नये. लस राहून गेलेली मुलं बहुधा एकाच दाट वस्तीत असतात. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीला गोवराचा मोठा फटका बसला. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून रुग्ण विषाणू पसरवतो, आणि बंद खोलीच्या हवेत तो दोन तासांपर्यंत टिकतो. संपर्कात आलेल्या, लस न झालेल्या मुलाला (सहा महिन्यांवरच्या) ७२ तासांत लस मिळाली, तर आजार टळू शकतो.