टाळ सांभाळणारं स्वस्त मास्टरिंग

आमच्या बुवांचे चार अभंग आणि एक गजर घरीच रेकॉर्ड केला. मिक्स, म्हणजे सगळ्या आवाजांची एकत्र जुळवणी, बरा उतरला होता, पण फोनवर लावला की आवाज बारीक आणि वाढवला की टाळ कानात घुसायचे. मास्टरिंगशिवाय, म्हणजे तयार मिक्सवर शेवटचा हात फिरवल्याशिवाय, गत्यंतर नव्हतं. मंडळाचा फंड म्हणजे आरतीच्या ताटातली चिल्लर, त्यामुळे हजारो रुपयांचे प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायची साधनं) संच पहिल्याच दिवशी यादीतून गेले.

खरेदीआधी कामं मोजली. बारीक-जाड आवाज कमीजास्त करणारा इक्वलायझर (इक्यू) हवा, चढउतार आवरणारा हलका कॉम्प्रेसर हवा, आवाज ठरलेल्या टोकावर जाऊ न देणारा लिमिटर हवा आणि लाउडनेस, म्हणजे कानाला जाणवणारा मोठेपणा, मोजणारा मीटर हवा. एवढंच. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर मी आधीपासून वापरत होतो. त्याची ६० दिवसांची ट्रायल पूर्ण चालणारी असते, कुठलंही बटण बंद नसतं. घरगुती वापरासाठी लायसन्स ६० डॉलरचं. त्यात इक्यू, कॉम्प्रेसर आणि लिमिटर सोबतच येतात, म्हणजे बहुतेक यादी तिथेच मिटली. मीटरसाठी युलीन लाउडनेस मीटरची फुकट आवृत्ती घेतली. लाउडमॅक्स हा दुसरा फुकट लिमिटर, तो तुलनेसाठी.

तुलना करताना एक पथ्य कडक पाळलं. जो आवाज मोठा तो कानाला हमखास चांगला वाटतो, म्हणून प्रत्येक नमुना मीटरवर सारख्याच एलयूएफएसला (हे लाउडनेसचं माप) आणायचा आणि मगच ऐकायचा. कुठला कुठला ते माझं मला कळू नये म्हणून फाइली बदलायला मावसभावाला बसवलं. तो वैतागला, पण बसला. सारख्या पातळीला आणल्यावर दोन्ही लिमिटरमधला फरक जवळपास मावळला.

एका ऑटोमॅटिक ऑनलाइन सेवेलाही गजर देऊन पाहिला. दोन मिनिटांत फाइल परत आली, चकचकीत. पण वरचे तीक्ष्ण आवाज उचलल्यामुळे टाळ पुढे आणि बुवा मागे! सिनेगीताला ते चालेल, भजनाला नाही.

खरी गोम टाळातच होती. टाळाचा ठोका क्षणभराचा, पण टोकदार. मीटरचा काटा त्याच्यामुळे माथ्याला टेकतो आणि बाकीचं गाणं खाली राहतं. सगळा भार लिमिटरवर टाकला की प्रत्येक ठोक्याला पखवाज आणि पेटीसुद्धा क्षणभर दबतात. गजराला टाळ चढले की सगळंच दम लागल्यासारखं ऐकू येतं. यावर तोडगा निघाला टीडीआर नोव्हा या फुकट डायनॅमिक इक्यूमध्ये. ६ किलोहर्ट्झच्या आसपास, जिथे टाळ टोचतात तिथे, एक बँड (आवाजाचा ठरावीक पट्टा) लावला, जो टाळ जोरात वाजले तरच ३-४ डीबी खाली येतो. एरवी तो हात लावत नाही, त्यामुळे बुवांच्या आवाजातली धार शाबूत राहते. मग लिमिटरला फारसं काम उरलंच नाही.

पातळी कुठे ठेवायची याबद्दल लोक तावातावाने भांडतात. स्पॉटिफाय गाणी उणे १४ एलयूएफएसच्या आसपास आणून वाजवतं. तुम्ही उणे ८ ला ठोकून दिलंत तर ते आवाज खाली ओढतात आणि चेपलेपणा तेवढा तुमच्याकडे राहतो. मी गजर उणे १४ ला ठेवला. अभंगांना श्वास हवा, ते त्याहून थोडे खाली. ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं सगळ्यात वरचं टोक, सगळीकडे उणे १ डीबी.

शेवटी पैसे गेले ते फक्त रीपरच्या लायसन्सचे, वर कार्डाचा परकीय चलनाचा आकार. ट्रायल संपल्यावरही रीपर चालू राहतं, फक्त आठवण करून देतं. तरी विकत घ्यावं असं माझं मत. रोज वापरायचं तर ६० डॉलर जड नाहीत.

बुवांनी गाडीत ऐकलं आणि म्हणाले, "टाळ आता बरोबर. पखवाज जरा वर घे." ते काम मास्टरिंगचं नव्हे, त्यामुळे आता परत मिक्स उघडून बसलोय.