हूगार्डनला जाताय? तीनेनहून चालत जाऊ नका

हूगार्डन हे बेल्जियममधलं गाव, त्याच नावाच्या गव्हाच्या बिअरसाठी ओळखलं जाणारं. एकाने सांगितलं होतं, "तीनेन स्टेशनवर उतरा, पुढे तासाभराची शेतातली वाट, मजेत चालत जा." सांगणारा उन्हाळ्यात गेला होता. आम्ही गेलो नोव्हेंबरात.

तीनेन हे साखरेचं गाव, आणि नोव्हेंबर म्हणजे साखरेच्या बीटचा ऐन गळीत हंगाम. मी कोल्हापूरचा, उसाच्या ट्रॉल्या बघतच वाढलो. पण असा चिखल पाहिला नव्हता. ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातली माती रस्त्यावर आणून टाकलेली, पिवळसर, बारीक, साबणासारखी निसरडी. मोबाइलवरच्या नकाशाने 'जवळची वाट' म्हणून थेट बीटच्या वावरातून नेलं. दोन किलोमीटरला तास गेला, बायको दोनदा घसरली. बूट चांगले होते, तरी तळव्याला शेरभर माती. पावसाळी दिवसांत या वाटेला जाऊच नका. स्टेशनवरून बस आहे, तीच धरा. मात्र रविवारचं वेळापत्रक परतीच्या बससकट आधी बघून ठेवा. आमची परतीची बस चुकली, आणि टॅक्सीवाल्याने एवढ्याशा अंतराचे 40 युरो घेतले. बसण्याआधी भाव ठरवा.

ब्रुअरी, म्हणजे बिअरचा कारखाना, आतून बघायची तर बुकिंग आधीच करा. आम्ही दारातून परत फिरलो. चर्च आणि बाग पाहिली, छान आहेत.

पण बिअरसाठी मी पुन्हा जाईन. कच्चा गहू, बार्लीचं माल्ट, धणे आणि संत्र्याची वाळलेली साल. रंगाने ताकासारखी गढूळ, अल्कोहोल 4.9 टक्के. गावातली शेवटची गव्हाच्या बिअरची भट्टी 1957 साली बंद पडली होती. लहानपणी त्याच भट्टीत हाताखाली काम केलेल्या पिएर सेलिस या दूधवाल्याने 1966 मध्ये ही बिअर पुन्हा सुरू केली. 1985 च्या आगीनंतर मोठ्या कंपनीचा पैसा आला. 2005 मध्ये त्याच कंपनीने उत्पादन लिएज शहराजवळच्या जुपीलला हलवायचं ठरवलं. गाव रस्त्यावर उतरलं, आणि 2007 मध्ये निर्णय फिरला. त्या गावात बसून या बिअरचा खास षटकोनी ग्लास हातात घेतला तेव्हा थकवा खरंच उतरला.

लिंबाची फोड घालू नका, धण्याचा वास मरतो. आणि सायकल असेल तर नामूर शहरातून या. जुन्या रेल्वेमार्गाची सायकलवाट हूगार्डनपर्यंत येते, चिखलाचं वावर लागत नाही.