हातान बघ

"उसवतस कित्याक? हातान बघ."

आज सकाळी वेंगुर्ल्याजवळच्या एका घरात आजी असं म्हणाल्या आणि माझी छोटी कात्री हातातच राहिली. खळ्यात उन्हाला टाकलेली त्यांची वाकळ मी बघत होते. काठाशी दोन टाके सुटलेले. आत काय आहे ते कळावं म्हणून आणखी दोन काढू का, एवढंच विचारलं होतं.

त्यांनी माझं बोट धरून कोपऱ्यावर ठेवलं. "हयसर माझ्या आवशीचा लुगडा." मग बोट थोडं सरकवलं. "हयसर जुनी वाकळ."

खरंच, आत एक अख्खी झिजलेली गोधडी होती! तिचा धावदोरा वरच्या सुती साडीतून बोटाला लागत होता, वरच्या ओळींना तिरका छेदत जाणारा.

मी गोधड्या शिवते, जुन्या जमवते. मलमलीत गुंडाळून, वेखंडाची पुरचुंडी घालून जपते. वहीत कापड, माप, टाका सगळं लिहिते. बोटाला काय लागलं, याचा रकानाच नाही.

अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या छोट्या वस्तीतल्या बायकांच्या गोधड्या २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या, याचा मला इथे इतक्या दूर बसूनही फार आनंद वाटतो. पण भिंतीवरच्या गोधडीला बोट कसं लावायचं?

आजींकडे ती वाकळ मी मागितली नाही. निघताना त्या ती घडी घालत होत्या, आईचा कोपरा वर ठेवून.

तुमच्या घरच्या गोधडीवर डोळे मिटून हात फिरवलात, तर कुणाचं लुगडं लागेल?